मॉलमधली नोकरी सांभाळून रिटेल मॅनेजमेंटचं एमबीए: दूरस्थ की ऑनलाइन, आणि वेळ कुठून काढायचा?

क्लोजिंगशिफ्ट

नमस्कार मंडळी. नाशिकला मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात डिपार्टमेंट मॅनेजर आहे. बी.कॉम., 56 टक्के. ड्युटी आलटून पालटून, ओपनिंगला 10 ते 7, क्लोजिंगला 1 ते 10. सुट्टी मंगळवारी, शनिवार-रविवार कधीच नाही. पुढे स्टोअर मॅनेजर किंवा हेड ऑफिसला बाइंग-प्लॅनिंगमध्ये जायचंय. तिथल्या जाहिरातीत एमबीए किंवा पीजीडीएम हवंच असं लिहिलेलं असतं. नोकरी सोडणं शक्य नाही. बजेट दीड लाखापर्यंत.

विचारायचं असं:
एका कन्सल्टन्सीचा रोज फोन येतोय. परराज्यातल्या खासगी विद्यापीठाचं ‘डिस्टन्स एमबीए रिटेल’, सेंटर नाशिकलाच, आणि आज भरलं तर दहा हजार सूट. घ्यावं का?
आठवड्याला किती तास लागतात, खरा आकडा सांगा. ब्रोशरमधला नको.
आणि फ्लोअरवरच्या माणसाला यात नेमकं काय जड जातं?

शिक्कामोर्तब

फोनपासूनच सुरुवात करू, कारण पैसे बुडतात ते तिथेच.

दूरस्थ आणि ऑनलाइन हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि कन्सल्टन्सीवाले मुद्दाम त्यांची खिचडी करतात. दूरस्थ पद्धतीत राज्य विद्यापीठाला किंवा खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर पाय टाकता येत नाही. इग्नू देशभर चालते, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ महाराष्ट्रात. परराज्यातलं खासगी विद्यापीठ नाशिकमध्ये ‘डिस्टन्स सेंटर’ चालवतंय म्हटलं की विषय संपला, सूट दहा हजारांची असो की पन्नास. ऑनलाइन कार्यक्रमाला मात्र राज्याची हद्द नाही. मान्यता असलेल्या कुठल्याही विद्यापीठाचं ऑनलाइन एमबीए तुम्ही घरबसल्या करू शकता. पण मग त्याला ‘सेंटर’ कशाला लागतं, हा प्रश्न त्या फोनवाल्याला विचाराच.

तपासायचं असं. यूजीसीच्या डीईबी (दूरस्थ शिक्षण विभाग) पोर्टलवर विद्यापीठाचं नाव शोधा, पण नाव सापडलं म्हणून थांबू नका. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. ती कार्यक्रमागणिक, पद्धतीगणिक आणि प्रवेशसत्रागणिक असते. म्हणजे ‘एमबीए’ आहे का, ‘ऑनलाइन’ या रकान्यात आहे का, आणि तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेताय ते सत्र यादीत आहे का, हे तिन्ही बघायचं. गेल्या वर्षीच्या यादीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवला तर त्याला किंमत शून्य.

2024-25 पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी. दोन्ही स्वतः काढा. आधार, पदवीची गुणपत्रिका आणि एबीसी खातं या तिन्हींवर नाव एकाच स्पेलिंगने आहे का ते पहिल्यांदा बघा. लग्नानंतर बदललेलं नाव किंवा वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, इथेच अर्ज अडकतात आणि शेवटच्या तारखेला अडकतात.

विद्यापीठाने कंपनीला फ्रँचायझी देऊन पदवी चालवणं चालत नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने जानेवारी 2022 मध्येच बजावलंय. त्यामुळे फी विद्यापीठाच्या खात्यावर, पावती विद्यापीठाची. ‘विनाव्याज हप्ते’ म्हणून जे पुढे करतात ते बहुतेकदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. शिक्षण सोडलं तरी हप्ता थांबत नाही. शिवाय आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (1961 च्या कायद्यातलं कलम 80ई) हवी असेल तर कर्ज बँकेचं किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचं लागतं, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. नवी प्रणाली घेतली असेल तर तो मुद्दाच सोडा.

पीजीडीएम ही पदवी नाही, पदविका आहे. खासगी कंपनीत सहसा फरक पडत नाही. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी जागेचा विचार असेल तर एआययूची (भारतीय विद्यापीठ संघ) समकक्षता तपासावी लागते. मान्यता असलेलं दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए मात्र नियमित पदवीच्या बरोबरीचं धरायचं, असं यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. एचआरने नाक मुरडलं तर हे परिपत्रक दाखवायचं.

आठवडीसुट्टी

तासांचं सांगतो. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा विषय 120 तास. सत्राला असे पाच विषय म्हणजे 600 तास. हातात आठवडे 22. म्हणजे आठवड्याला 27 तास! मॉलमध्ये उभं राहणाऱ्या माणसाकडे ते नसतात, ही गोष्ट आधीच मान्य करून टाकायची.

तुमच्या रोस्टरमध्ये जे निघतात ते असे. मंगळवारी पाच तास (आठ धरू नका, मंगळवारीच बँक, गॅस, आईचा दवाखाना असतो). क्लोजिंग असलेल्या तीन सकाळी दोन-दोन तास. ओपनिंग करून आल्यावरची रात्र हिशेबात घेऊच नका. झाले 11. बावीस आठवड्यांचे 242. ते पाच विषयांना समान वाटले तर सगळ्यांतच उणे पडाल. बी.कॉम. असूनही मॅनेजरियल अकाउंटिंगला 75 ठेवा, स्टॅटिस्टिक्सला 70, उरलेल्या तिघांना तीस-तीस. मार्केटिंग आणि एचआरचे शब्द तुमच्या तोंडात आहेतच, तिथे फक्त उत्तर लिहिण्याचा सराव लागतो.

खरा घोळ होतो तो कॅलेंडरचा. जुलैत प्रवेश घेतला तर पहिलं सत्र गणपती-दसरा-दिवाळीतून जातं आणि परीक्षा डिसेंबरमध्ये, म्हणजे विंटर सेलच्या तोंडावर. 2026 मध्ये अधिक महिना असल्यामुळे सगळं पुढे सरकलंय: गणेश चतुर्थी 14 सप्टेंबर, घटस्थापना 11 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत चार आठवडे तुमचे नाहीत. मंगळवारची सुट्टीसुद्धा रद्द होते आणि कंपऑफ डिसेंबरमध्ये मिळतो. 242 मधले 44 तास गेले, राहिले 198. असाइनमेंटची शेवटची तारीख नेमकी याच दिवसांत असते, मग ती रात्री एक वाजता कुणाची तरी उतरवून काढली जाते आणि परत येते.

यावर उपाय दोन. एक, प्रवेश जानेवारीच्या सत्राला घ्या. फेब्रुवारी ते मे मॉलला त्यामानाने श्वास असतो. मार्चअखेरचं स्टॉक टेक आणि पाडव्याचा आठवडा सोडला तर पहिलं सत्र, ज्यात अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्स असतात, शांतपणे निघतं. दोन, सणाच्या सत्रात असाइनमेंटची तारीख विद्यापीठाची धरायची नाही, सर्वपित्री अमावास्येची धरायची. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक फिरकत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला, सर्वपित्री 10 ऑक्टोबरला. मधले पंधरा दिवस रजा टाकायला फ्लोअर मॅनेजरही कुरकुर करत नाही. सगळ्या असाइनमेंट त्यातच उरकायच्या.

बरं, ‘वीकेंड एमबीए’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ या शब्दांना भुलू नका. ते आयटीवाल्यांच्या शनिवार-रविवारसाठी आखलेले असतात. ऑनलाइनमध्येही थेट तासिका बहुतेक त्याच दिवशी. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि ते बघितलं तर हजेरी धरतात का, हे लेखी विचारा.

सेलथ्रू

जानेवारीचा सल्ला बरोबर आहे, पण त्याला एक शेपूट आहे. जानेवारीत सुरू केलं की चौथं सत्र जुलै-डिसेंबरमध्ये येतं आणि प्रोजेक्ट दिवाळीत लिहायला लागतो. म्हणून प्रोजेक्टची माहिती तिसऱ्या सत्रातच गोळा करायला घ्यायची.

आता जड काय जातं ते. फ्लोअरवरचा माणूस थिअरीत अडत नाही, तो आकड्यात अडतो, कारण दुकानात त्याला दिसणारे सगळे आकडे एमआरपीवर असतात आणि पुस्तकातले जीएसटी वगळून.

शर्टाचा टॅग घ्या. एमआरपी 1,499. खरेदी 750, जीएसटी सोडून, कारण त्याचं क्रेडिट मिळतं (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता होतो). दुकानात पटकन म्हणतात पन्नास टक्के मार्जिन. पेपरात हे चुकीचं. 1,499 मध्ये 5 टक्के जीएसटी आहे, म्हणून निव्वळ विक्री 1,499 भागिले 1.05, म्हणजे 1,427.62. मार्जिन 677.62 रुपये, 47.5 टक्के. मार्कअप विचारला तर तेच 677.62 भागिले 750, म्हणजे 90.3 टक्के. मार्जिन विक्रीवर, मार्कअप खरेदीवर. प्रश्नात दोन्ही शब्द मुद्दाम शेजारी ठेवतात.

आता त्याच शर्टावर सेलचा 40 टक्के लाल स्टिकर लावा. बिल 899.40, निव्वळ 856.57, मार्जिन राहिलं 106.57. टक्क्यांत 12.4. एका शर्टात मिळायचे तेवढे रुपये मिळवायला आता सहाहून जास्त शर्ट विकावे लागतात. ‘मार्कडाउनचा परिणाम विशद करा’ या प्रश्नाला दोन पानं निबंध लिहिण्यापेक्षा ही चार ओळींची आकडेमोड मांडा.

जुने प्रश्नसंच सोडवताना जपून. त्यात कपड्यांना हजारापर्यंत 5 आणि पुढे 12 टक्के धरलेले असतात. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 पर्यंत 5 आणि त्यावर 18 आहे. त्यामुळे 2,999 चा शर्ट पूर्ण किमतीला 18 मध्ये बसतो आणि 40 टक्के सूट दिली की 5 मध्ये येतो. दर छापील किमतीवर नाही, विक्रीच्या किमतीवर ठरतो.

दुसरी हमखास चूक जीएमआरओआयची, म्हणजे ग्रॉस मार्जिन भागिले सरासरी स्टॉक. वर्षाची निव्वळ विक्री 80 लाख, ग्रॉस मार्जिन 40 टक्के म्हणजे 32 लाख, सरासरी स्टॉक खरेदी किमतीने 16 लाख. उत्तर 2. म्हणजे स्टॉकमध्ये अडकलेल्या रुपयामागे वर्षाला दोन रुपये मार्जिन. विद्यार्थी स्टॉक एमआरपीने घेतात आणि उत्तर बरंच कमी येतं. पडताळा हवा तर: विकलेल्या मालाची खरेदी 48 लाख भागिले 16, स्टॉक वर्षात तीनदा फिरला. 3 गुणिले 40/60 बरोबर 2. जुळलं.

ओपन-टू-बायमध्ये (अजून किती माल मागवता येईल त्याचा हिशेब) उलट आहे, तिथे सगळं विक्री किमतीने धरायचं. नियोजित विक्री 25 लाख, नियोजित मार्कडाउन 2, महिनाअखेरचा स्टॉक 40, यातून हातातला स्टॉक 38 आणि ऑर्डर देऊन ठेवलेला माल 14 वजा. उरले 15 लाख. बायरने पुरवठादाराला 15 लाखांची ऑर्डर दिली तर मेला! ते खरेदी किमतीत आणायला, मार्जिन 40 टक्के धरून, 60 टक्के घ्यायचे, म्हणजे 9 लाख. मार्कडाउनचे 2 लाख मिळवायचे की वजा करायचे इथे निम्मा वर्ग चुकतो. सूट दिली की स्टॉकची किंमत घटते, ती भरून काढायला खरेदी वाढते, म्हणून मिळवायचे.

बाइंगच्या मुलाखतीतही हेच विचारतात, फक्त एक्सेलच्या शीटवर. पिव्होट टेबल येत नसेल तर पदवीचा कागद दारातच राहतो.

क्लोजिंगशिफ्ट

सगळ्यांचे आभार. कन्सल्टन्सीचा नंबर ब्लॉक केला. ओपन-टू-बायचं आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं. प्रोजेक्टबद्दल अजून विचारतो: आपल्याच दुकानाचा डेटा वापरला तर चालतं का? आणि रजा कशी मागायची?

गाठीचाधागा

चालतं, नव्हे तोच वापरा, पण परवानगीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) द्यायच्या आधी. स्टोअर मॅनेजरने तोंडी ‘घे की’ म्हटलं आणि शेवटी हेड ऑफिसने सही नाकारली की सहा महिने वाया. पत्रात कुठला डेटा, कुठल्या तारखांचा, आणि विक्रीचे आकडे रुपयांत न देता पहिला आठवडा 100 धरून निर्देशांकात देणार, हे लिहा. त्या एका वाक्यावर बहुतेक सह्या होतात.

ग्राहकांचे बिलिंगमधले मोबाइल नंबर घेऊन सर्व्हे करायचा विचार सोडून द्या. ते नंबर त्या कामासाठी घेतलेले नाहीत, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे.

विषय लहान घ्या. ‘भारतीय संघटित रिटेलमधील ग्राहक वर्तन’ असले विषय गाईडला वाचायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा साइझ तुटण्याचा घ्या: पुरुषांच्या फॉर्मल शर्टात 40 आणि 42 संपल्यावर त्या स्टाइलची विक्री किती पडते, 12 आठवडे, 20 स्टाइल. दर मंगळवारी नाही (तुम्ही नसता), दर सोमवारी क्लोजिंगनंतर साइझवार शिल्लक आणि आठवड्याची साइझवार विक्री उतरवून घ्यायची. यात एक सापळा आहे. 42 शिल्लक नसलेल्या आठवड्यात 42 ची विक्री शून्य दिसते आणि ती ‘मागणी शून्य’ म्हणून सरासरीत जाते. मग निष्कर्ष निघतो की 42 कमी मागवा! शिल्लक शून्य असलेले आठवडे वेगळे काढूनच सरासरी घ्यायची. व्हायव्हात हे एवढं नीट सांगितलं तरी परीक्षक खूश होतो.

कन्व्हर्जनवर (दुकानात आलेल्यांपैकी किती जण खरेदी करतात) करणार असाल तर दारावरच्या काउंटरवर आंधळा विश्वास नको. तो हाउसकीपिंग, स्टाफ, डिलिव्हरी बॉय सगळे मोजतो. रविवारी पाच जणांचं कुटुंब येतं, बिल एक होतं, कन्व्हर्जन 20 टक्के दिसतं. प्रत्यक्षात घर म्हणून ते 100 टक्के असतं. मंगळवार-शनिवारच्या तुलनेआधी दोन-दोन तास हाताने मोजून काउंटरशी ताडून बघा, म्हणजे मंगळवारी कुणाला तरी उभं करावं लागेल.

साम्य तपासणीत 10 टक्क्यांपर्यंत सहसा हरकत घेत नाहीत, 2018 च्या यूजीसी नियमांत ती मर्यादा आहे. मार खातो तो ‘साहित्य आढावा’, कारण तो सगळेच नेटवरून उचलतात.

रजेचं: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, आणि 240 दिवस भरले तर दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा, 45 पर्यंत साठवता येते. पण व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदं त्यातून वगळलेली आहेत. तुमच्या पदनामात मॅनेजर आहे, तेव्हा कायद्यावर बोट ठेवण्याआधी नेमणूकपत्र वाचा. व्यवहारात मागायचं ते असं: परीक्षेचं वेळापत्रक आल्याच्या दिवशीच मेल, पेपरांच्या तारखा, आणि त्या दिवशी कोण सांभाळणार त्याचं नाव. नाव नसलेला अर्ज रोस्टरवाला बाजूला ठेवतो.

तागाआणिगज

थोडा वेगळा सूर लावतो. ‘रिटेल’ हे नाव गुणपत्रिकेवर हवंच, असं मला वाटत नाही. तुमच्याकडे फ्लोअरचा अनुभव आहे, तोच रिटेलचा दाखला. पदवीने जे नाही ते द्यावं. ऑपरेशन्स घेतलं तर पुरवठासाखळी, गोदाम, अंदाज बांधणं हे येतं, आणि उद्या ई-कॉमर्सच्या भिवंडीच्या गोदामात किंवा एफएमसीजीत जायचं झालं तरी दार उघडं राहतं. रिटेल स्पेशलायझेशनमध्ये व्हिज्युअल मर्चंडायझिंग आणि स्टोअर ऑपरेशन्सचे दोन पेपर तुम्ही रोज जगता तेच पुन्हा शिकवतात.

सेलथ्रू

अर्धं पटतं. स्टोअर ऑपरेशन्सबद्दल बरोबर. पण मर्चंडाइज प्लॅनिंग आणि कॅटेगरी मॅनेजमेंट हे पेपर ऑपरेशन्समध्ये मिळत नाहीत, आणि यांना जायचंय बाइंगमध्येच. नावावर न जाता तिसऱ्या-चौथ्या सत्राची विषययादी मागवा. हे दोन विषय त्यात असतील तर स्पेशलायझेशनला काहीही म्हणोत.

क्लोजिंगशिफ्ट

ठरलं मग. जानेवारी सत्र, आणि विषययादी बघूनच. एक शेवटचं: दूरस्थला परीक्षा हाताने लिहायची आणि ऑनलाइनला घरून कॅमेऱ्यासमोर. पेन धरून वर्षं झाली. कुठलं बरं?

आठवडीसुट्टी

घरून देणार असाल तर कंपनीचा लॅपटॉप चालणार नाही. त्यावर परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायला आयटीची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. स्वतःचा किंवा उसना, कॅमेऱ्यासकट, आणि सराव चाचणी त्याच खोलीत त्याच जागी बसून द्या. मागून आई चहा घेऊन आली तरी नोंद होते. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा दिवस आधी बघून ठेवा.

हाताने असेल तर दर मंगळवारी एकच उत्तर लिहायचं, घड्याळ लावून. तीन तासांत पाच प्रश्न, शेवटची 15 मिनिटं राखून प्रश्नाला 33 मिनिटं. पहिले दोन मंगळवार विसाव्या मिनिटाला हात भरून येईल. जेल पेन नको, साधं बॉलपेन घ्या.